बर्लिनमध्ये रूम कुठल्या भागात घ्यावी?

लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरात जर्मनीच्या मास्टर्सचं ॲडमिशन लेटर आलं की विचारपूस सुरू होते: बर्लिनमध्ये चांगला एरिया कोणता? आधी तुमचे वर्ग कुठल्या इमारतीत भरतात ते बघा, एरियाचं नंतर. लातूरला क्लाससाठी रूम बघताना आपण क्लास चालत किती मिनिटांवर आहे ते विचारतो. बर्लिनमध्ये विचारायचं ते हे, की गाडी न बदलता वर्गापर्यंत जाता येतं का?

पत्ता विद्यापीठाचा नको, विभागाचा शोधा. हुम्बोल्ट विद्यापीठाची मुख्य इमारत शहराच्या मध्यावर मिट्टेत आहे, पण भौतिक, रसायन, कॉम्प्युटर सायन्स हे विभाग आग्नेयेला आडलर्सहोफला आहेत. टेक्निकल युनिव्हर्सिटीचा मुख्य कॅम्पस शार्लोटनबुर्गमध्ये एर्न्स्ट रॉयटर प्लात्झला, यू-2 मेट्रोवर. फ्री युनिव्हर्सिटी डालेमला, यू-3 वर. बर्लिनर होखशूले फ्यूर टेक्निक वेडिंगमध्ये, यू-9 वर. हुम्बोल्टचं नाव वाचून मिट्टेच्या आसपास महागडी रूम घेणारा आडलर्सहोफचा विद्यार्थी पैसे आणि वेळ दोन्ही घालवतो. उलट पश्चिम टोकाच्या श्पांडाउहून आडलर्सहोफला एस-9 ही एस-बान, म्हणजे शहरातली लोकल, थेट जाते, पण अख्खं शहर ओलांडून, एका बाजूला जवळजवळ तास. प्रवासाचा वेळ ॲपवर मंगळवारी सकाळी साडेआठचा टाकून बघा, रविवारचा नको.

शहराभोवती रिंगबान ही 37 किलोमीटरची गोल रेल्वे फिरते. तिच्या आतला भाग तिकिटाचा ए झोन, बाहेर शहराच्या हद्दीपर्यंत बी. सगळे रिंगच्या आतच बघतात, म्हणून तिथं भाडं चढं आणि एका खोलीसाठी रांग मोठी. पण विद्यापीठाच्या फीबरोबर मिळणारं सेमिस्टर तिकीट सगळ्या झोनमध्ये चालतं, त्यामुळं बाहेर राहिल्यानं तिकिटाचा खर्च एका युरोनंही वाढत नाही, फक्त वेळ वाढतो. खासगी विद्यापीठात हे तिकीट मिळतं का ते मात्र आधी लेखी विचारा. मिळत नसेल तर डॉइच्लांडटिकेट या देशभर चालणाऱ्या मासिक पासचे महिन्याला 63 युरो धरा. हा 2026 चा दर आहे.

भागांबद्दल स्पष्टच सांगायचं तर वेडिंग आणि मोआबिट हे पश्चिमेकडच्या दोन्ही टेक्निकल विद्यापीठांसाठी सर्वांत सोयीचे. तुर्की-अरबी दुकानांत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, हरभरे, डाळी सहज मिळतात. नॉयक्योल्नचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं आता स्वस्ताई उरलेली नाही. लिश्टनबेर्ग, मारत्सान, हेलर्सडोर्फ इथं पूर्व जर्मनीच्या काळातल्या काँक्रीटच्या उंच इमारती आहेत. बाहेरून रुक्ष दिसतात, म्हणून आपली मुलं नाक मुरडतात. तसं करू नका. घरं नीट असतात, भाडं बहुधा कमी पडतं आणि लिश्टनबेर्ग, हेलर्सडोर्फहून यू-5 मेट्रो 2020 पासून थेट मुख्य स्टेशनपर्यंत जाते. मात्र वर्ग शार्लोटनबुर्गला असतील तर मारत्सान लांबच पडेल.

स्टेशन निवडताना मेट्रो आणि एस-बान दोन्ही असलेलं घ्या: गेझुंडब्रुनन, युंगफर्नहायडं, लिश्टनबेर्ग. रुळांच्या कामासाठी एखादी लाइन बंद ठेवून बदली बस सोडण्याचे प्रकार नेहमी होतात. दुसरी लाइन असली की वर्ग बुडत नाही. शुक्रवार-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, इतर रात्री बस. हॉटेलात किंवा गोदामात उशिराची शिफ्ट करणार असाल तर ती रात्रीची बस घराजवळ थांबते का तेही बघा.

आता पैसा, कारण खरी फसगत इथं होते. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे निव्वळ भाडं. वार्ममीटेत त्यावर हीटिंग, पाणी, कचरा वगैरे येतं. लाइटबिल आणि इंटरनेट बऱ्याचदा त्यातही नसतं. रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला 18.36 युरो असते, पण ती घरटी. चौघे राहत असाल तर चौघांत वाटा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा कायद्यानं हक्क आहे. समजा काल्ट 400, वार्म 520. मालकानं सगळं एकदम मागितलं तर पहिल्याच महिन्यात 1200 आणि 520, म्हणजे 1720 युरो लागतात. व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला मिळतात 992. वरची रक्कम घरून निघतानाच वेगळी काढून ठेवा.

रूम कितीही स्वस्त असो, पहिला प्रश्न हा: इथं आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी होईल का? राहायला गेल्यापासून 14 दिवसांत ती करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं. नोंदणी नसेल तर टॅक्स नंबर येत नाही आणि रेसिडेन्स परमिटचं काम अडतं. "नोंदणी जमणार नाही" म्हणणाऱ्याची रूम सोडून द्या. अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, चालते, आपल्याच भागातली मिळायची वाट बघू नका.

ॲडमिशन मिळाल्याच्या दिवशीच श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या हॉस्टेलसाठी अर्ज करा, प्रतीक्षा यादी लांब असते. दरम्यान दोन-तीन महिन्यांसाठी कुणाची तरी रूम पोटभाड्यानं घ्यायची, त्स्विशनमीटे, आणि पुढचं घर तिथं राहून, डोळ्यांनी बघून शोधायचं. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरनं येईल, आधी डिपॉझिट पाठवा, असा मेसेज आला की बोलणं थांबवा. मिट्टेत दोन खोल्यांचा सजवलेला फ्लॅट पाचशे युरोत कुणी देत नसतं.

सामान ठेवल्याबरोबर करायचं काम म्हणजे टपालपेटीवर आणि बेलच्या पाटीवर आपलं आडनाव लावणं, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगनं. तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, पिन, विमा कंपनीची पत्रं, टॅक्स नंबर सगळं परत जातं. दुसऱ्याच्या घरात पोटभाड्यानं राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली "सी/ओ" (म्हणजे "द्वारा") आणि पाटीवरचं नाव लिहा.