नकार आधी, कारण नंतर

जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मिती कारखान्यात मी खरेदी विभागात काम करतो आणि बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या कास्टिंगची, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या भागांची, जबाबदारी माझ्याकडे आहे. पहिल्याच पावसाळ्यात विभागप्रमुखांनी सकाळच्या बैठकीत विचारले, "पंपाची हाउसिंग (बाहेरची कवचे) शुक्रवारी मिळतील का?" मी सुरुवात केली ती हवेपासून: बेळगावात संततधार लागली आहे, मोल्डिंगच्या वाळूत ओलावा वाढला की ओतताना वाफ अडकून कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रे, पडतात, म्हणून एक लॉट बाद करावा लागला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे दोनच शब्द उच्चारले, "आल्झो नाइन?" म्हणजे, "तर मग, नाही?" जुळणी विभागाची माणसे त्या एका शब्दासाठी खोळंबली होती, कारण माल येणार नसेल तर त्यांना दुसरे यंत्र हाती घ्यायचे होते.

त्या दिवसापासून मी स्वतःची वाक्ये तपासू लागलो. "वाळू ओली राहिल्याने ठरलेला माल शुक्रवारी निघणार नाही" या वाक्यातील मुख्य गोष्ट सर्वांत शेवटी येते. सीमाभागात जी दुसरी भाषा ऐकत आम्ही वाढलो, त्या कन्नडमध्येही ‘आगलिल्ल’ म्हणताना नकार क्रियापदाच्या टोकालाच असतो. तरीही सारा दोष व्याकरणाला देता येणार नाही, असे मला वाटते. समोरच्याचे मन दुखावू नये म्हणून आधी कारणे सांगून त्याला तयार करावे, हे आपल्याला घरातच शिकवले जाते. आणि "बघूया की" याचा अर्थ बहुधा नकार असतो, हे आपल्याकडे ऐकणाऱ्यालाही समजते. इथे मात्र "बघूया" म्हटले की लोक खरोखरच वाट बघत राहतात.

आता पत्र लिहून झाले की त्यातील शेवटची ओळ उचलून मी सर्वांत वर ठेवतो: "माल शुक्रवारी मिळणार नाही, पुढच्या बुधवारी मिळेल, थोडे नग विमानाने मागवायचे का, हे आज ठरवावे लागेल." त्याखाली एका ओळीत कारण येते. वाळूचे आणि वाफेचे तपशील कोणी विचारले तरच सांगतो.

हीच सवय मी उद्यमबागेतील फाउंड्रीच्या, म्हणजे ही कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याच्या, पर्यवेक्षकांवर लादायला गेलो, तेव्हा मात्र माझे चुकले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. फोन लागताच मी म्हणालो, "काका, बुधवारी गाडी निघणार की नाही, एवढे आधी सांगा." क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आधी नाष्टा झाला काय, ते तरी विचारू दे की."

तेव्हापासून पहिली दोन मिनिटे घरच्या चौकशीची, असे मी ठरवून टाकले आहे. गेल्या आठवड्यात ती चौकशी संपताच काकांनी आपण होऊनच सांगितले, "बुधवारी जमणार नाही. गुरुवारी गाडी सोडतो." त्यानंतर त्यांनी पावसाचे सविस्तर सांगितले आणि मी ते शेवटपर्यंत ऐकले.