पडद्यावर एकच कुलकर्णी, डेटाबेसमध्ये दोन

आमच्या पतसंस्थेचं सभासद-नोंदीचं जुनं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये लिहिलेलं, मागे माहिती साठवायला अ‍ॅक्सेस हा डेटाबेस. लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेलेले. व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच बंद केला, पण तयार प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतो, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

सोर्स कोड सापडला, दोन आठवड्यांत समजलाही. अडलं ते नावांवर.

नावं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देऊन दाखवतो. म्हणजे आत मराठी नाहीच. 'राम' तिथे j, k, e या इंग्रजी अक्षरांत साठवलेला. अक्षराला अक्षर बदललं की युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी खरी मराठी अक्षरं, होईल असं मला वाटलं आणि तिथेच फसलो. ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. त्यात 'कुलकर्णी' लिहिताना कुणी आधी वेलांटी मारलेली, कुणी आधी रफार. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. साहेबांचं एकच पालुपद, "नावं दिसतायत ना? मग अडलंय काय?" त्याचा राग अजून जात नाही.

एवढं सोडवल्यावरही शेकडो नावांचा चुथडा होत होता. पाच आठवडे त्यात गेले. शेवटी काउंटरवरच्या ताई सहज म्हणाल्या, "अहो, सुरुवातीची नावं इंग्रजीतच आहेत, सगळी कॅपिटलमध्ये." कृतिदेवमध्ये कॅपिटलवर बहुतेक करून क्, म् अशी अर्धी अक्षरं असतात, नुसत्या कॅपिटलमध्ये मराठी नाव सहसा होतच नाही. एका अटीने ती सगळी वेगळी निघाली. कोड उघडण्याआधी काउंटरवर जाऊन बसा, हे मी कळकळीने सांगतो. पाच आठवडे वाचतील.

हो, पहिल्याच दिवशी एमडीबी फाइलची (अ‍ॅक्सेसचा सगळा डेटा असतो ती) कॉपी घ्या आणि तिचा आकार बघा. २ जीबीला ती अडते. आमची त्याच्या जवळ पोचली होती.

मार्चअखेरीच्या गर्दीत ताईंनी 'कुलकर्णी' टाकलं आणि सगळे एकदम समोर आले. मी मागेच उभा होतो. फार बरं वाटलं.

आणि कृतिदेवमधल्या जुन्या नावांचा रकाना पुसू नका. आमच्याकडे अजून तो लागतो.