दोन फायली, एकच नाव

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे संगणक मी सांभाळतो. पुण्याच्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवरून ड्रॉइंग्ज उतरवून घेण्यासाठी त्यांनी आमची पब्लिक की मागितली होती. मी आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची जोडी तयार केली, म्हणजे दुसऱ्यांना द्यायची पब्लिक की आणि स्वतःजवळ गुप्त ठेवायची प्रायव्हेट की. त्यातली पब्लिक की पाठवण्याचे काम खानापूरहून नव्याने आलेल्या मुलावर सोपवले. अर्ध्या तासाने त्याने व्हॉट्सॲप गटात टाकलेली फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असे शब्द! गटात दोन्हीकडची मिळून तीसेक माणसे होती, आणि त्या किल्लीला पासफ्रेज, म्हणजे ती वापरण्यासाठीचा परवलीचा शब्द, घालण्याचा कंटाळा मीच केला होता.

"सर, दोन्ही फायलींचं नाव एकच दिसतंय की," तो म्हणाला. "एक उघडली तर पब्लिशर सुरू झालं, म्हणून दुसरी धाडली." त्याचे खरे होते. विंडोजने पब्लिक कीच्या फाइलीच्या नावाअखेरचे 'डॉट पब' लपवले होते आणि तिला मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचे चिन्ह चिकटवले होते.

तेवढ्यात पुण्याहून "झाले, लॉगिन करून पाहा" असा निरोप आला. प्रायव्हेट कीवरून पब्लिक की एका आज्ञेत काढता येते. तिकडच्या गृहस्थांनी ती काढून सर्व्हरवर चढवलीही होती. म्हणजे आता गटातल्या कोणालाही आमच्या नावाने आत शिरता आले असते. फोन करून ती पब्लिक की आधी सर्व्हरवरून काढायला लावली.

मुलाला मी बँकेतल्या नमुना सहीचे उदाहरण दिले. पब्लिक की म्हणजे सर्व्हरकडे ठेवलेला नमुना. सही मात्र दर वेळी प्रायव्हेट कीने होते. फरक इतकाच, की कागदावरचा नमुना गिरवता येतो, हा येत नाही. आरएसएच्या पब्लिक कीमध्ये दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो, आमच्या कीमध्ये तो ६१७ अंकी होता. गुणाकार क्षणात होतो, पण त्यावरून ते दोन अवयव शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. ही पद्धत १९७७ची, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची.

"मग जी सगळ्यांना द्यायची, तिला किल्ली कशाला म्हणायचं?" या प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

नवी जोडी केली, या वेळी पासफ्रेजसह. पब्लिक की कोणी पाहिली तरी बिघडत नाही, वाटेत कोणी बदलली तर मात्र बिघडते. म्हणून तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिच्यावरून निघणारी छोटी ओळखखूण, त्या मुलाने फोनवर एकेक अक्षर वाचून पुण्याशी ताडून घेतला. सहाच्या सुमारास पहिले ड्रॉइंग उतरले.