पगार वाढला, तास घटले

जर्मनीत लाइपझिगला शिकत असताना मी एका छोट्या बेकरीत मिनीजॉब करायचे. महिन्याला ठरावीक रकमेच्या आत कमवायचं, म्हणजे जवळजवळ सगळे पैसे हातात येतात. तेव्हा ही मर्यादा ४५० युरो होती आणि २०१३ पासून ती हललीच नव्हती. किमान वेतन मात्र वर सरकत होतं. मी लागले तेव्हा, २०२१ च्या सुरुवातीला, तासाला साडेनऊ युरो. जुलै २०२२ मध्ये १०.४५.

पगार वाढला म्हणून मी कौतुकाने घरी फोन केला. दोनच दिवसांत मालकीणबाईंनी फ्रिजवर नवं वेळापत्रक चिकटवलं. माझी गुरुवारची शिफ्ट तासाभराने आखडली होती! साडेनऊच्या दराने ४५० युरो व्हायला ४७ तास लागायचे, आता ४३ तासांतच भरत होते. दर वाढला, महिन्याची कमाई तीच.

मला ते पथ्यावरच पडलं, परीक्षा तोंडावर होती. पण गिऱ्हाईक काही चार तासांनी कमी झालं नव्हतं. शटर सहाला खाली यायचं, तासांच्या कागदावरही सहाच लिहायचे आणि पुढची वीस मिनिटं ट्रे घासणं, फरशी पुसणं चालूच. इथे मिनीजॉबवाल्यांची रोजची वेळ लिहून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती तपासायला येतात चक्क कस्टम्सवाले. आमच्याकडे कधी कुणी आलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, हे कबूल करते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान वेतन १२ युरो झालं आणि मर्यादा ५२०. तेव्हापासून ती किमान वेतनालाच बांधली आहे, आठवड्याला साधारण दहा तास बसतील अशी. ही अक्कल सात वर्षं आधी सुचायला हरकत नव्हती.

कारण देशभराचं किमान वेतन इथे आलं २०१५ मध्ये, ८.५० युरो. त्याआधी लाखो नोकऱ्या जातील असं काही अर्थतज्ज्ञ सांगत होते. तसं झालं नाही. मिनीजॉब घटले, पण त्यातले बरेच विमा-पेन्शनवाल्या नियमित नोकऱ्यांत बदलले. नंतरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: कमी पगार देणाऱ्या छोट्या धंद्यांतून माणसं मोठ्या, जास्त पगार देणाऱ्या ठिकाणी सरकली. माझ्याबरोबर काउंटरवर उभी राहणारी पन्नाशीची बाई तशीच गेली, एका सुपरमार्केटच्या पावाच्या विभागात, आठवड्याला तीस तासांवर. जाताना तिने मला स्वतःचे रबरी तळव्याचे बूट दिले. दोन मापं मोठे होते, तरी हिवाळाभर वापरले.

तिच्या जागी कुणी मिळालं नाही. मालकीणबाईंचं दुखणंही खोटं नव्हतं: त्या स्वतः पहाटे तीनला भट्टीपाशी असायच्या आणि त्यांना तासाला किती सुटतात हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. पावाचा भाव त्यांनी दोनदा वाढवला. सगळे म्हणाले पगारामुळे, पण त्या वर्षी गॅस आणि पीठ दोन्ही भडकले होते, त्यामुळे कशाचा वाटा किती हे बेकरीत उभं राहून सांगता येत नाही.

जानेवारी २०२६ पासून दर १३.९० झाला आहे. बेकरी सोमवारी बंद असते आता, आणि शटर पाचलाच खाली येतं.