म्हणजे ट्रकचंच काम ना?

सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे ट्रान्सपोर्ट?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा नीट सांगतो.

मी नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षांत आहे. ट्रक लागतात, पण हिशेब सुरू होतो नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराकडून. तिकडच्या दुकानांना मार्चच्या कोणत्या आठवड्यात किती पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे प्लॅस्टिकचे डबे, हवेत, ते धरून मागे मोजत यायचं. जहाजाचे दिवस वजा, न्हावा शेवा बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ वजा, प्रीकूलिंगचे, म्हणजे माल साठवण्याआधी झटपट थंड करण्याचे, तास वजा, असं करत थेट गोडी छाटणीपर्यंत, म्हणजे फळासाठी केलेल्या वेलींच्या छाटणीपर्यंत. छाटणीपासून खुड्यापर्यंत साधारण चार-साडेचार महिने. ऑक्टोबरात निफाडच्या बागेत कात्री लागते तेव्हाच मार्चचा कंटेनर निम्मा ठरलेला असतो.

खुडल्यावर घाई. गारव्यात काढलेला माल पॅकहाउसला, खराब मणी काढायचे, अर्ध्या किलोचे पनेट भरायचे, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद टाकायचा आणि गराचं तापमान चार अंशांच्या आसपास उतरवूनच कोल्ड स्टोरेजमध्ये न्यायचं. इथली हयगय नाशकात दिसत नाही. देठ तपकिरी पडतात ते तिकडे पोचल्यावर.

मालाबरोबर कागदही धावतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलींची वाढ आवरायला बागायतदार वापरतात त्या सीसीसीचे, अंश मर्यादेबाहेर निघाले आणि कंटेनर अडकले. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं! अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीमुळे पेटीवरून बाग सापडते हे खरं, पण यादीत नसलेलं कोण शोधणार?

डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या शिपिंग कंपन्यांनी लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घातला. दहा-पंधरा दिवस वाढले, आणि छाटण्या तर होऊन गेलेल्या. लवकर खुडावं तर गोडी भरत नाही. मग राहतं एकच, निवड कडक करणं: हिरव्या, दणकट देठाचा माल युरोपला, बाकीचा दुबईला किंवा देशातच. दुबईच्या वाटेत लाल समुद्र येत नाही. हे ठरवायचं बागेच्या बांधावर, खुडा सुरू होण्याआधी. कारण प्रत्येक बाजाराचं पॅकिंग आणि लेबल वेगळं, आणि भरलेली पेटी फोडून पुन्हा भरणं कुणालाच परवडत नाही.