पाझिरिकचे रिकामे खड्डे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गोर्नो-अल्तायस्कहून चुया महामार्गाने निघालो आणि आक्ताशला तो सोडून उलागानकडे वळलो. लाल खडकांमधली अरुंद खिंड पार केल्यावर, लार्चच्या रानांतून जाणारा हा रस्ता बालिक्तुयुल गावाजवळच्या पाझिरिक खोऱ्यात पोहोचतो. सायबेरियाच्या दक्षिणेकडील अल्ताय पर्वतातली ही जागा पाहण्याची इच्छा माझ्या मनात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात रुजली होती. तिथे काचेआड जवळजवळ दोन मीटर लांबीरुंदीचा एक गालिचा आहे. त्याच्या काठावरून घोडेस्वार ओळीने चालले आहेत, त्यांच्या आतल्या पट्ट्यात हरणे चरत आहेत, आणि तांबडा रंग अजून पुरता विटलेला नाही. गाठी मारून विणलेल्या गालिच्यांपैकी आज माहीत असलेला हा सर्वांत जुना अखंड नमुना १९४९ मध्ये पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना इथल्या पाचव्या कुर्गानमध्ये बर्फात सापडला.

कुर्गान म्हणजे थडग्यावर रचलेली दगडांची मोठी रास. खोल खड्ड्यात लार्चच्या ओंडक्यांची खोली बांधायची, आत मृताला ठेवायचे, शेजारी त्याचे घोडे पुरायचे आणि वर माती व दगड रचायचे, अशी इथल्या प्राचीन भटक्या पशुपालकांची रीत होती. दगडांच्या फटींतून आणि पुष्कळदा चोरांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत उतरले आणि गोठले. दगडांच्या राशीमुळे खालच्या जमिनीला उन्हाळ्यात सावली मिळते आणि हिवाळ्यातली जड थंड हवा फटींतून खाली झिरपते, म्हणून आसपासची जमीन वितळली तरी राशीखालचा गाभा गोठलेलाच राहतो. अडीच हजार वर्षे लाकूड, नमदा, कातडी आणि माणसाची त्वचा टिकली ती या रचनेमुळे.

पाझिरिकला मात्र मी जे पाहिले ते खड्डे होते. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ ग्र्याझ्नोव यांनी आणि १९४७ ते १९४९ या काळात रुदेन्को यांनी खणलेले मोठे कुर्गान मधोमध उघडेच राहिले आहेत. भोवती दगडांचे कडे आणि तळाशी गवत. उकळते पाणी ओतून बर्फ वितळवत त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. त्या वस्तू वाचल्या, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. तरीही दगड परत लावून ठेवायला हवे होते, असे तिथे उभे असताना वाटत राहिले.

बाहेर काढणे म्हणजे वाचवणे नव्हे, हे अल्तायमधल्याच उकोक पठारावर पुरलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत दिसले. १९९३ मध्ये पुरातत्त्वज्ञ नतालिया पोलोस्माक यांच्या चमूला ती सहा घोड्यांसह बर्फात सापडली. तिच्या डाव्या खांद्यावर, चोच असलेल्या हरणासारख्या प्राण्याचे गोंदण होते. बर्फातून निघाल्यावर त्वचा काळवंडू लागली आणि लेनिन यांचे शव जपणाऱ्या मॉस्कोच्या तज्ज्ञांना तिच्यावर काम करावे लागले. अल्तायच्या लोकांनी तिला परत मागितले, २००३ मधल्या मोठ्या भूकंपानंतर तर अधिकच कळकळीने. २०१२ मध्ये ती गोर्नो-अल्तायस्कच्या संग्रहालयात आली.

आता धोका कुदळीपेक्षा हवामानाचा आहे. अल्तायमधली गोठलेली जमीन सलग नाही, ठिगळांसारखी आहे, आणि अनेक ठिकाणी तिचे तापमान शून्याच्या जेमतेम खाली असते. त्यात थोडी जरी वाढ झाली तरी खोलीतला बर्फ सुटतो, पाणी येते आणि शतकानुशतके थांबलेले कुजणे काही उन्हाळ्यांत पुरे होते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने युनेस्कोच्या साथीने उपग्रहचित्रांच्या आधारे कुर्गानांची नोंद केली, ती नेमके काय जपायचे हे आधी कळावे म्हणून. उपायही सुचवले गेले: उन्हाळ्यात राशीवर सावली धरणे, किंवा हिवाळ्यात जमिनीतली उष्णता आपोआप वर खेचून हवेत सोडणाऱ्या बंद नळ्या पुरणे, अशाच नळ्या अलास्कातील तेलवाहिनीच्या आधारखांबांमध्ये आहेत. आधी सर्व खणून घ्यावे, असेही मत आहे. मी सावलीच्या बाजूने आहे. इतक्या थडग्यांना पुरतील एवढी शीतगृहे कोणाकडेच नाहीत, आणि जे या थडग्यांना आपल्या पूर्वजांची मानतात त्या लोकांना ती बंदच हवी आहेत.

परतताना आमच्या चालकाने एका न खणलेल्या लहान कुर्गानपाशी गाडी थांबवली. राशीवर चढू नका, एवढेच त्याने सांगितले. मी काठाशी बसून दोन दगडांमधल्या फटीत हात घातला. वरचा दगड, त्यावरच्या पिवळ्या शेवाळासह, उन्हाने तापला होता. कोपरापर्यंत हात गेल्यावर बोटांना गारवा लागला. त्या गारव्यावरून खाली बर्फ उरला आहे की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीत हलका विद्युतप्रवाह सोडून तिचा विरोध मोजतात. बर्फ ओल्या मातीपेक्षा फार जास्त विरोध करतो, त्यामुळे एकही दगड न हलवता तो ओळखता येतो.