अर्ध्या इंचाची फट: टिकूचा पिंजरा करून घेताना

परभणीत पिंजरा मागायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "कितीपर्यंतचा दाखवू?" पक्षी कोणता आहे, केवढा आहे, एक आहे का जोडी, हे कुणी विचारत नाही. लहान, मधला, मोठा अशी तीन नावं ठरलेली. त्यातला 'मोठा' जेमतेम हातभर रुंद. या गोष्टीचा मला अजून राग आहे. पुढच्या माणसाला निदान काय मोजायचं ते माहीत असावं, म्हणून लिहायला बसले.

आमचा टिकू कॉकटील आहे, म्हणजे तुरेवाला लहान पोपट. ही जात मूळची ऑस्ट्रेलियाची. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर केशरी ठिपका. भाच्याला नोकरीसाठी परदेशी जायचं होतं, त्यानं टिकूला आमच्याकडे आणून सोडलं, सोबत एक गोल घुमटाचा पिंजरा. घरात पक्षी आल्यावर शेजारपाजारच्यांनी "याच्यापेक्षा शेतातला राघू आणायचा, बोलतो तरी" असं बरंच ऐकवलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. गळ्यात कंठी असलेला आपला हिरवा पोपट घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. ढोलीतून पिल्लू काढून आणणं हौसेत मोडत नाही. परदेशी पोपटांतही आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कन्युअर यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी करावी लागते. कॉकटील आणि बजी (बजरिगार, त्याहून छोटा पोपट) त्या यादीत येत नाहीत, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न आम्हाला आला नाही. सगळं अडलं ते पिंजऱ्यापाशी.

गोल पिंजरा दिसायला सुंदर असतो, पण घेऊ नका. घुमटाकडे तारा एकमेकींजवळ येत जातात आणि जिथे फट निमुळती होते तिथे पक्ष्याचं बोट अडकतं. शिवाय त्याला बसायला कोपरा मिळत नाही. टिकू चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत बारा-तेरा इंच, त्यात निम्मी शेपटीच. त्या पिंजऱ्यात तो वळला की शेपूट तारांना घासायची. शेपटीच्या पिसांची टोकं झिजून त्यांचे दोरे सुटायला लागले होते. ते रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणूनच पुढच्या प्रत्येक उशिराचा मला इतका त्रास झाला.

मापाचं गणित अवघड नाही. एका कॉकटीलला कमीत कमी 24 इंच लांब, 18 इंच खोल आणि 24 इंच उंच एवढी जागा लागते, तीही आतून मोजलेली. याच्या खाली जाऊ नये, वर कितीही जावं. पंख पसरले की फूटभराच्या वर भरतात आणि ते कुठेही न घासता पूर्ण उघडता आले पाहिजेत. पक्षी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर चढत नाही, आडवा उडतो. त्यामुळे लांबी महत्त्वाची, उंची नंतर. आमच्याकडे मात्र जो तो उंच पिंजरा दाखवतो, कारण उंच पिंजरा भारी दिसतो.

ऑनलाइन एक पिंजरा पाहिला, उंची 60 इंच लिहिलेली. फोटो मोठा करून पाहिला तर निम्मी उंची चाकांच्या स्टँडची. आतली लांबी किती आणि दोन तारांत अंतर किती, असं विक्रेत्याला लिहून विचारलं. उत्तर आलं, "साइज लार्ज आहे, सर्व पक्ष्यांसाठी योग्य." परत विचारलं, परत तेच. सर्व पक्ष्यांसाठी योग्य असा पिंजरा असूच शकत नाही. बजीला अर्ध्या इंचाहून मोठी फट चालत नाही आणि मकावसारख्या मोठ्या पोपटाला बजीच्या पिंजऱ्याची बारीक तार दिली तर तो ती चोचीनं वाकवून टाकेल. ज्या विक्रेत्याला फटीचं अंतर सांगता येत नाही त्याच्याकडून पिंजरा घेऊ नये, हे मी तेव्हाच ठरवलं.

मग पिंजरा करून घ्यायचं ठरलं, आणि खरी वाट पाहणं इथून सुरू झालं.

जाळीच्या दुकानात जीआयची वेल्ड जाळी मिळते, अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच, हवी तशी. स्वस्तही असते. पण जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. पोपटवर्गातला पक्षी दिवसभर चोचीनं तारेवर चढतो, तार चावतो, आणि ते जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशनं घासली की सुटे कण कमी होतात, धोका पुरता जात नाही. मला स्टेनलेस स्टील हवं होतं. गावात ते काम करतात जिन्याच्या रेलिंगचे मिस्त्री, कारण स्टीलला लागणारं आर्गॉन वायूचं वेल्डिंग त्यांच्याकडेच असतं. एका मिस्त्रींकडे गेले. माणूस हाताचा चांगला होता, पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

माप दिलं: 3 फूट लांब, 2 फूट खोल, अडीच फूट उंच, 3 एमएमची सळई, मधली फट अर्धा इंच. स्टील 304. रेलिंगच्या बाजारात 202 आणि 304 असे दोन प्रकार चालतात. 202 स्वस्त पडतं पण लवकर डाग धरतं, आणि पाण्याची वाटी रोज सांडणाऱ्या पिंजऱ्यात ते टिकत नाही. हे सगळं मी कच्च्या पावतीवर लिहून घेतलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, एवढ्या बारीक फटीचं काय काम हाय? एक इंच भरपूर झालं की. हवा खेळती ऱ्हाईल."

त्यांचं म्हणणं कामाच्या हिशोबानं बरोबर होतं. तीन फुटांच्या बाजूला एक इंची फट ठेवली तर बत्तीसेक सळ्या लागतात, अर्धा इंची ठेवली तर साठ. प्रत्येक सळईला वर आणि खाली वेल्डिंगचे दोन टाके. चार बाजू आणि छत धरलं तर काम दुपटीच्या घरात जातं. पण एक इंचाच्या फटीत कॉकटीलचं डोकं आत शिरतं. शिरताना पिसं मागं दबतात, बाहेर काढताना तीच पिसं आणि जबडा अडतो. पक्षी घाबरून पंख आपटतो, आणि घरी कुणी नसेल तर तसाच लटकून मरतो. मी मिस्त्रींना हे शांतपणे सांगितलं. जास्तीच्या सळ्यांचे आणि टाक्यांचे पैसे वेगळे लावा म्हटलं. "बरं, करतो" म्हणाले.

त्यानंतर लग्नसराई लागली. कुणाच्या बंगल्याचं गेट, कुणाची वास्तुशांत, कुणाचा जिना. गेले की "परवा या". परवा गेले की आर्गॉनची टाकी संपलेली. टाकी आली की लाइट गेलेली. मे महिन्यातली परभणी, पारा 43-44 ला टेकलेला, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. तिथे माझ्या पिंजऱ्याची चौकट नुसती भिंतीला टेकवलेली, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचे पाइप ठेवलेले. मिस्त्रींना माझं काम छोटं वाटत होतं. "पोपटाचं तर हाय, कुठं पळून जायलाय?" असं त्यांचा पोरगा म्हणाला. मी त्याला मोबाइलवर टिकूच्या शेपटीचा फोटो दाखवला. तो काही बोलला नाही, पण पाइप उचलून बाजूला ठेवले.

आणि शेवटी एक दिवस फोन आला की एक बाजू झाली, बघून जा. गेले. पर्समधून पट्टी काढून लावली. पंचवीस एमएम. एक इंचच!

त्या क्षणी मला रडू आलं असतं. "हाताच्या अंदाजानं लावल्या, ताई, थोडं इकडंतिकडं होतंय" असं मिस्त्री म्हणाले. मी पावती पुढे केली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात 'फट अर्धा इंच' लिहिलेलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनीच तोडगा काढला. झालेल्या बाजूला दर दोन सळ्यांच्या मधोमध आणखी एक सळई टाकायची. पंचवीसमधून सळईचे तीन गेले, उरलेल्या बावीसचे दोन भाग, म्हणजे अकरा एमएम. अर्ध्या इंचाच्या जरा आतच. मला चाललं.

उरलेल्या बाजूंसाठी मी एकच मागणी धरून बसले: अंदाज नको, मधे काहीतरी घालून मोजा. खिडकीच्या ग्रिलला लागतो तो 12 एमएमचा चौकोनी बार त्यांच्या शेडमध्ये पडलेलाच होता. त्याचे दोन तुकडे कापले, एक वर, एक खाली. सळई बाराला भिडवायची, टाका मारायचा, तुकडे सरकवायचे, पुढची सळई. पोरगा तुकडे धरायचा, मिस्त्री टाका मारायचे. इतकं साधं होतं, आणि एकदा हाताला बसल्यावर काम अंदाजापेक्षाही वेगानं गेलं. पुढची बाजू पूर्ण झाली तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच पट्टी लावून दाखवली. वरपासून खालपर्यंत बारा. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं, मलाही आनंद झाला. तुम्ही करून घेणार असाल तर पहिल्याच दिवशी बाराचा बार मागा. माझा सगळा उन्हाळा वाचला असता.

दोन फुटांच्या दोन्ही बाजूंना सळ्या आडव्या लावायला सांगा, कारण पोपट चोच आणि पाय लावून चढतो आणि उभ्या सळईवरून घसरतो. सळई लांब असेल तर मधे एक आधाराची पट्टी हवी, नाहीतर फट मधोमध फाकते.

काम झालं की रेलिंगवाले चकाकी आणतात, ती कडांवरही नीट आणून घ्या. मी जुनी सुती ओढणी नेली होती. सगळ्या जोडांवरून, दाराच्या कडांवरून, ट्रेच्या खाचेवरून ती हलकेच फिरवली. जिथे धागा अडकला तिथे खडूनं खूण केली. बऱ्याच खुणा झाल्या. त्या सगळ्या जागा ग्राइंडरनं परत घासल्या. नुसत्या डोळ्यांना त्यातली एकही दिसत नव्हती. "वरून सिल्वर कलर मारून देऊ का?" असं विचारतील, नको म्हणा. रंगाचे पोपडे चोचीनं निघतात आणि पोटात जातात.

दार वरून खाली सरकणारं नको. ते मानेवर पडू शकतं. बिजागरीचं दार आणि बाहेरून कडी, एवढं बरं. दार इतकं मोठं हवं की पक्षी हातावर बसलेला असताना हात सरळ बाहेर येईल. आणि पिंजऱ्याची एक बाजू तुमच्या घराच्या दारातून जाईल का, हे चौकट जोडण्याआधी मोजा. आमचा दोन फूट खोल म्हणून आरामात गेला.

पिंजरा कुठे ठेवायचा, हाही मापाचाच भाग आहे असं मी म्हणेन. एक बाजू भिंतीला लागून, कूलरच्या थेट झोतात नाही, दुपारच्या उन्हाच्या खिडकीत नाही, स्वयंपाकघरात तर अजिबात नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी मरतात. कॉकटील अंधारात दचकतो आणि पिंजऱ्यात सैरावैरा आपटतो. म्हणून आम्ही जवळ झिरोचा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलाय. लाइट गेली तरी तो चालू राहतो.

बसायला दुकानातल्या गुळगुळीत एकसारख्या दांड्या आम्ही काढून टाकल्या, त्यानं तळपायाला फोड येतात. कडुनिंबाच्या आणि पेरूच्या फांद्या लावल्या, जाड-बारीक मिसळून. खाण्यापिण्याच्या वाट्यांवर फांदी येऊ देऊ नका. आणि खेळणी, झोका, सगळं लावल्यावरही मधे उडायला लांबी मोकळी राहिली पाहिजे. तीन फुटांचा पिंजरा भरून टाकला तर तो दीड फुटाचाच होतो. एवढ्या पिंजऱ्यातही रोज थोडा वेळ बाहेर सोडावंच लागतं, आणि दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद करावा लागतो.

पैसे तयार पिंजऱ्याच्या तिपटीच्या आसपास गेले. घरात त्यावरून बोलणं झालं. पण टिकूची झिजलेली पिसं पुढच्या पिसगळीत पडली आणि नवीन आली ती अजून अखंड आहेत.

मिस्त्रींकडे आता कुणी पिंजरा विचारायला गेलं तर ते आधी पक्षी कोणता ते विचारतात, असं परवा एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं. त्यांची बजीची जोडी आहे. त्यांना मी एवढंच म्हटलं की तिथे बाराऐवजी दहाचा बार मागा, आणि पावतीवर 'आतून माप' हे दोन शब्द लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.